सातशे डॉलर कमी : टोकन विक्रीला अपात्र ठरलेल्या एका घराची गोष्ट

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२१ चा शेवटचा आठवडा होता. मुदतवाढ घेतलेली टॅक्स रिटर्न १५ तारखेला संपल्याने मी जरा मोकळी झाले होते आणि चिवड्याच्या पोह्यांना ऊन दाखवत होते. तेवढ्यात एडिसनच्या एका मराठी घरातून फोन आला. दोघे नवरा-बायको आयटीत, स्वतःचे घर, दोन मुले, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहाएक वर्षे. मी न्यू जर्सीत सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल, आहे. यांचे रिटर्न मी कधी भरले नव्हते, ते सॉफ्टवेअरवर स्वतःच भरत. ओळख महाराष्ट्र मंडळातली.

"ताई, फक्त एक लेटर हवंय."

एका नव्या ब्लॉकचेन प्रकल्पाचे टोकन, म्हणजे त्याचे स्वतःचे डिजिटल नाणे, विकायला निघाले होते. विक्रीला दोन दारे होती. अमेरिकेबाहेरच्या माणसाला शंभर डॉलरपासून टोकन मिळत होते. अमेरिकेतल्या माणसाला किमान दहा हजार डॉलर घालावे लागणार होते, तेही तो 'अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर', म्हणजे उत्पन्नाच्या किंवा मत्तेच्या अटीत बसणारा गुंतवणूकदार, असेल तरच. त्याला आत्ता मिळणार होता फक्त करार. टोकन नंतर, आणि ते मिळाल्यावर वर्षभर विकता येणार नाही. या जोडप्याला पंचवीस हजार घालायचे होते. बारा दिवसांत विक्री बंद होणार होती. प्लॅटफॉर्मला सीपीए, वकील, नोंदणीकृत ब्रोकर किंवा गुंतवणूक सल्लागार यांच्यापैकी कुणाचे तरी, तीन महिन्यांच्या आतले पात्रतेचे पत्र चालत होते.

मी फोनवरच विचारले, "दोघांचं उत्पन्न मिळून तीन लाखांच्या वर आहे ना?" नवरा म्हणाला, "आरामात." मी म्हणाले, "मग होऊन जाईल." ही माझी पहिली चूक.

(ओळख पटू नये म्हणून घरचे आकडे थोडे हलवले आहेत, एकमेकांतले नाते तेच ठेवले आहे. नियमांतले आकडे जसेच्या तसे.)

नियम कुठून आला

हे दोन दारांचे प्रकरण अनेकांना भेदभाव वाटते, म्हणून थोडे मागे जाते. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांचा खटला आला होता. हॉवी नावाची कंपनी बागेचे पट्टे लोकांना विकायची आणि मशागत, तोडणी, विक्री सगळे तिच्याच जोडीची कंपनी करायची. घेणाऱ्याने बाग पाहिलीही नसली तरी चालायचे. न्यायालयाने विचारले, पैसा कुणी घातला, तो सामाईक उद्योगात गेला का, आणि नफ्याची आशा दुसऱ्याच्या कष्टांवर होती का? उत्तरे होकारार्थी आली, तेव्हा हा जमिनीचा नव्हे तर रोख्यांचा, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीचा, व्यवहार ठरला. जुलै २०१७ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजाराची नियामक संस्था एसईसीने 'द डाओ' या क्रिप्टो निधीवरच्या अहवालात हीच फूटपट्टी टोकनला लावली.

एकदा रोखा म्हटले की १९३३ चा कायदा आला. एक तर विक्रीची नोंदणी करा, नाहीतर एखाद्या सवलतीच्या चौकटीत बसा. टोकनवाले अनेकदा नियम ५०६ (सी) मध्ये बसतात. २०१३ च्या सप्टेंबरपासून या नियमाखाली खुली जाहिरात करता येते. अट अशी, की घेणारा प्रत्येक जण अॅक्रेडिटेड हवा आणि विकणाऱ्याने ते तपासून घेतलेले हवे. शेजारच्या ५०६ (बी) मध्ये जाहिरात चालत नाही, पण ग्राहकाने स्वतः फॉर्म भरून दिलेला शब्द सहसा पुरतो. हा प्रकल्प ट्विटरवर दिवसाला दहा पोस्टी टाकत होता, त्यामुळे त्याला (सी) शिवाय गत्यंतर नव्हते. म्हणून ते लेटर.

अॅक्रेडिटेड कोण? गेल्या दोन्ही वर्षी एकट्याचे उत्पन्न २,००,००० डॉलरच्या वर, किंवा जोडीदारासह ३,००,००० च्या वर, आणि चालू वर्षीही तेवढेच होईल अशी रास्त अपेक्षा. किंवा राहते घर सोडून दहा लाख डॉलरच्या वर निव्वळ मत्ता. घर वगळण्याची तरतूद २०१० ची, मंदीनंतरची. २०२० च्या डिसेंबरपासून काही परवानाधारकांनाही यात जागा मिळाली. पैशाऐवजी आर्थिक ज्ञानाची पात्रता नियमाने मान्य केली ती तेव्हा पहिल्यांदा.

अडचण

दुसऱ्या दिवशी ते दोन वर्षांचे डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीकडून मिळणारे पगाराचे दाखले, घेऊन आले. डब्ल्यू-२ वरच्या पहिल्या चौकटीतला आकडा हा ४०१(के) या निवृत्तीखात्यात टाकलेली रक्कम वजा करून आलेला असतो. पाचव्या चौकटीत ती धरलेली असते. २०२० साली दोघांनी मिळून ३९,००० डॉलर निवृत्तीखात्यात टाकले होते. पहिल्या चौकटीने पाहिले तर २,८४,६००, पाचवीने पाहिले तर ३,२३,६००. गंमत अशी, की एसईसीच्या नियमात 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्याच नाही. ४०१(के) परत मिळवून घ्यायला अनेक वकील हरकत घेत नाहीत, या प्लॅटफॉर्मच्या वकिलांनीही ईमेलवर ते मान्य केले. म्हणजे २०२० पास.

मग २०१९. पगार, ४०१(के), बँकेचे व्याज, थोडासा लाभांश, सगळे मिळवून आकडा आला २,९९,३००.

मी पुन्हा बेरीज केली. त्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर केली. तिने कागदावर केली. सातशे डॉलर कमी. सातशेच काय, बरोबर तीन लाख असते तरी चालले नसते, नियम 'तीन लाखांच्या वर' म्हणतो.

"आपण मिलियनेअर तरी आहोत," असे म्हणत त्याने दुसरी यादी काढली. दोघांची निवृत्तीखाती ४,१०,०००. शेअर आणि कंपनीचे आरएसयू (पगारासोबत मिळणारे शेअर) १,६५,०००. बचत ६२,०००. कोथरूडचा फ्लॅट साधारण १ कोटी ३० लाख रुपयांचा, पण नवरा आणि त्याचे वडील अशा दोन नावांवर, म्हणून निम्मा धरून ८७,५००. कर्जे २१,०००. आणि एडिसनच्या घरातला हिस्सा ३,१०,०००, जो नियमाने धरायचाच नाही. कोथरूडचा फ्लॅट मात्र धरता येतो, कारण ते त्यांचे राहते घर नाही. हे कळल्यावर तो एकदम खूश झाला. बेरीज तरीही सात लाखांच्या आसपासच रेंगाळली.

तेव्हा तिने हळूच विचारले, "माझी एफडी धरली का?"

२०१२ साली पहिल्या नोकरीच्या पैशातून तिच्या बाबांनी पुण्यात एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांसाठीची मुदत ठेव) करून दिली होती. आता ती चाळीस लाख रुपयांची झाली होती, म्हणजे त्या वेळच्या दराने ५४,००० डॉलर. ती धरूनही मत्ता ७,५७,५०० च्या पुढे जाईना. पण माझ्या डोक्यात वेगळीच बेरीज सुरू झाली. या एफडीचे २०१९ चे व्याज सुमारे ३,७०० डॉलर होते, आणि ते रिटर्नमध्ये कुठेच नव्हते. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त, म्हणून ते इकडेही करमुक्त असा समज. आपल्या लोकांत तो किती घट्ट बसलाय हे मी दर एप्रिलमध्ये पाहते. अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते, आणि परदेशातल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की दरवर्षी एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. एकही भरला नव्हता.

२,९९,३०० अधिक ३,७००. तीन लाख तीन हजार. जे व्याज लपले होते तेच त्यांना पात्र करत होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यानेच मांडला. "मग धरा ना ते व्याज. उत्पन्न तर झालंच आहे." तर्क बिनचूक होता. नियम विचारतो उत्पन्न किती झाले, रिटर्नवर किती दाखवले हे नव्हे. पण ते धरून पत्र दिले असते, तर ग्राहकाचे भरलेले रिटर्न चुकीचे आहे हे मला ठाऊक असल्याचा पुरावा माझ्याच सहीने तयार झाला असता, आणि तो प्लॅटफॉर्मच्या फाइलमध्ये कायमचा राहिला असता. एफडीची पावतीही सोबत जोडावी लागली असती.

दुसरा, फक्त २०१९ चे रिटर्न १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करायचे आणि त्यावर पत्र द्यायचे. बारा दिवसांत हे सहज झाले असते. पण व्याज प्रत्येक वर्षी होते. एकच वर्ष दुरुस्त करणे म्हणजे चोरपावलांनी कबुली देणे, आणि आयआरएसला, म्हणजे इथल्या करखात्याला, ती चाल ओळखीची आहे. वर त्या दुरुस्तीचे कारण काय, तर क्रिप्टो घ्यायला पात्र ठरायचे होते. हे कुणासमोर सांगायची माझी तयारी नव्हती.

तिसरा, घरावर कर्ज काढून पैसा बँकेत दाखवायचा. हा मार्ग नियम करणाऱ्यांनी आधीच बुजवलाय. खरेदीच्या आधीच्या साठ दिवसांत घरावर काढलेले कर्ज, ते घर घेण्यासाठीचे नसेल तर, देणे म्हणून धरले जाते. एका हाताने आले ते दुसऱ्या हाताने गेले.

चौथ्या पर्यायावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याचा पुण्यातला धाकटा भाऊ. "त्याच्या नावावर घेऊ. नाहीतरी मी अमेरिकन कुठंय? पासपोर्ट भारताचाच आहे." हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की त्याची पाटी करून ऑफिसात लावावी. अमेरिकेबाहेरच्या विक्रीसाठी जो नियम आहे, रेग्युलेशन एस, त्यात 'यूएस पर्सन' म्हणजे अमेरिकेत राहणारी कोणतीही व्यक्ती. पासपोर्टचा रंग तिथे बघत नाहीत. एच-१बी व्हिसावरचा एडिसनकर यूएस पर्सन आहे. पुण्याला सुट्टीवर गेला आणि तिथल्या वायफायवरून खरेदी केली तरी तो यूएस पर्सनच, कारण राहणे एडिसनलाच आहे.

भाऊ मात्र खरोखर यूएस पर्सन नव्हता. मग प्रश्न पैशाचा. खरेदीच्या आधी टिचकी मारायच्या मजकुरात स्पष्ट होते, की मी यूएस पर्सन नाही आणि कोणा यूएस पर्सनसाठी घेतही नाही. दादाच्या पैशाने, दादासाठी घेतलेले टोकन म्हणजे त्या ओळीवर खोटी सही. ती सही भावाची होणार होती, आणि त्याला या सगळ्यातले फारसे माहीतही नव्हते.

"आयपी अॅड्रेस बघतात, एवढंच ना?" त्याने विचारले. मी त्याला ब्लॉक.वन या कंपनीचे उदाहरण दिले. ईओएस टोकनच्या विक्रीत त्यांनी अमेरिकेतले आयपी अडवले होते, करारातही अमेरिकनांना मनाई लिहिली होती. तरी अमेरिकेतल्या लोकांनी घेतलेच, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने २ कोटी ४० लाख डॉलर दंड भरून एसईसीशी मिटवले. टेलिग्रामने तर १७१ मोठ्या खरेदीदारांकडून १७० कोटी डॉलर जमवले होते, सवलतीच्या चौकटीत बसवूनच. पण न्यायालयाला त्या विक्रीत आणि पुढे लोकांच्या हाती टोकन जाण्यात एकच योजना दिसली आणि मार्च २०२० मध्ये टोकनवाटप थांबले. त्यानंतर कंपन्यांचे वकील ग्राहकाकडे संशयानेच पाहू लागले. वर्षभराची टाळेबंदी, भावाच्या केवायसीत 'पैशाचा स्रोत' हा रकाना, हे सगळे अशाच सावधगिरीतले.

बाकीचे पर्याय उगाच आले आणि गेले. तिच्या चुलत भावाने 'सीरिज ६५' ही गुंतवणूक सल्लागारांची परीक्षा द्या असे सुचवले होते. नुसते पास होऊन भागत नाही, परवाना चालू हवा. एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढायची, तर त्यातला प्रत्येक मालक अॅक्रेडिटेड हवा किंवा कंपनीची एकूण मालमत्ता पन्नास लाख डॉलरच्या वर, आणि तीही या खरेदीसाठीच काढलेली नसावी.

काय केले

एफडी बाहेर आली त्या दिवशी मी एक प्रश्न विचारायचे टाळले, आणि ते टाळले याचे मला आजही बरे वाटते. रिटर्नच्या शेड्यूल बी मध्ये थेट विचारलेले असते, परदेशात खाते आहे का? सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी 'नाही' वर टिचकी मारली होती. का मारली, हे मी विचारले नाही. पुढे हे जाणूनबुजून होते की अनवधानाने, यावरच सगळे ठरणार होते, आणि अशा बाबतीत ग्राहकाने सीपीएला सांगितलेले गुप्त राहीलच याची खात्री नसते. वकिलाला सांगितलेले राहते. मी म्हणाले, "आता मला काही सांगू नका." ती घाबरली. चहा अर्धा टाकून दोघे उठले.

दुसऱ्या दिवशी एका टॅक्स वकिलाकडे पाठवले. पत्र देणार नाही हे मी लेखी कळवले, कारण लिहिले फक्त एवढेच, की २०१९ चा आकडा भरत नाही. त्यांनीही प्लॅटफॉर्मवरचा अर्ज मागे घेतला.

वकिलाने त्यांना अनवधानाच्या चुकांसाठीच्या 'स्ट्रीमलाइन्ड' मार्गाने नेले. तीन वर्षांची दुरुस्त रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, चूक कशी झाली याचे शपथपूर्वक निवेदन, आणि वर्षअखेरच्या सर्वाधिक शिलकीवर पाच टक्के दंड. दंड, कर, व्याज मिळून सहा हजारांच्या आसपास गेले, वकिलाची फी वेगळी. रिटर्न मीच तयार केली. पुण्याच्या बँकेतून जुनी व्याजाची प्रमाणपत्रे काढायला बाबांना चार खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेला शिक्का राहिला होता.

निष्पत्ती

विक्री ठरल्या दिवशी बंद झाली. धाकट्या भावाने स्वतःच्या पैशाने थोडेसे टोकन घेतले, हे त्यांना नंतर कळले. बाजारात आल्यावर भाव चढला, तेव्हा त्याने निम्मे विकले आणि नफा बरा झाला. तो दादाला म्हणाला, "यातलं अर्धं तुझंच." दादाने मला फोन करून विचारले, घेऊ का? मी म्हणाले, भावाने भावाला भेट द्यायला कायद्याची ना नाही, पण आधीच ठरले होते असे कुणाला वाटेल असे काही करू नका. त्याने घेतले नाही. दोन भावांत काही महिने बोलणे तुटक झाले.

भावाचे उरलेले निम्मे टोकन २०२२ च्या घसरणीत सापडले. अमेरिकेच्या दारातून ज्यांनी घेतले होते त्यांची टाळेबंदी उठली तोवर एफटीएक्स हे मोठे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाले होते आणि टोकनचा भाव विक्रीच्या भावाच्याही बराच खाली होता. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मला म्हणाले, "ताई, तुम्ही वाचवलंत त्यांना." मी कुणाला वाचवले नव्हते. भाव दसपट झाला असता, तर त्याच मांडवात मला टोमणे मिळाले असते, आणि माझा निर्णय तेव्हाही तोच राहिला असता. नियम भाव बघत नाही.

वेगळे काय करता आले असते

फोनवर 'होऊन जाईल' म्हणायला नको होते. आता मी तोंडी आकडा ऐकतच नाही. आधी डब्ल्यू-२ मागते, त्याच्याही आधी विचारते, भारतात काय काय आहे? एफडी, पीपीएफ, एलआयसी, आईबरोबरचे जॉइंट खाते. हा प्रश्न पात्रतेचा नाही, पण पात्रतेचे कागद गोळा करताना तो सापडतोच, आणि शेवटच्या बारा दिवसांत सापडला तर घरावर दगडासारखा पडतो.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. १ जानेवारी २०२२ ला २०१९ हे वर्ष हिशेबातूनच बाहेर जाणार होते. २०२० आणि २०२१, दोन्ही तीन लाखांच्या वर. म्हणजे हे घर मुळात अपात्र नव्हते, नऊ आठवडे लवकर आले होते. पहिल्याच दिवशी मी हे सांगितले असते, तर भावाचा विषय कदाचित निघालाच नसता. विक्री नोव्हेंबरात बंद झाली असती ती झालीच असती, पण 'कधीच नाही' आणि 'आत्ता नाही' यांत माणूस वेगळे वागतो.

हेच प्रकरण आज आले असते तर? मार्च २०२५ मध्ये एसईसीच्या कर्मचाऱ्यांनी ५०६ (सी) ची तपासणी सोपी केली. एखादी व्यक्ती किमान २,००,००० डॉलर घालत असेल आणि आपण अॅक्रेडिटेड आहोत व ते कर्जाऊ नाहीत असे लिहून देत असेल, तर उलट काही ठाऊक नसताना कंपनीला सहसा आणखी कागद मागावे लागत नाहीत. पंचवीस हजारवाल्यांना याचा काही उपयोग नाही. दुसरीकडे हवा बदललीय. २०२५ च्या नोव्हेंबरात कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजच्या नव्या मंचावर मोनाड या टोकनची विक्री झाली, तिच्यात अमेरिकेतल्या सामान्य माणसालाही घेता आले. दोन लाख-तीन लाखांचे आकडे मात्र १९८० च्या दशकातले आहेत, महागाईनुसार ते कुणी वाढवलेले नाहीत. आज एडिसनमध्ये दोन आयटीवाले पगार एकत्र आले की उंबरठा ओलांडतात. नियम केला तेव्हा तो फार थोड्यांसाठी होता.

मार्च २०२२ मध्ये दोघे परत आले. दुरुस्त रिटर्न गेली होती, दंड भरला होता. "आता आम्ही पात्र ना?" त्याने विचारले. मी दोन्ही वर्षांचे कागद पाहिले आणि पत्र लिहून दिले. कोणत्या विक्रीसाठी हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती बाजूला बसून मुलीला, सईला, ट्यूशनला सोडायला उशीर होतोय असे खुणावत होती. पत्राची मुदत तीन महिन्यांची. जूनमध्ये मी फोन केला, नवे लागेल का म्हणून. तो म्हणाला, "राहू द्या ताई, ते वापरलंच नाही."